जुन्या लाईनवरचे ड्रायव्हरकाका

डावा हात वर, तळहात स्वतःकडे, बोटं हळूहळू आत बोलावणारी आणि तोंडाने एकाच लयीत, "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बास!" या 'बास'नंतर ट्रॅक्टर जरा जरी मागे सरकला, तर काका ट्रॉलीवर अशी थाप मारायचे की चालवणारा दचकून मागे बघायचा. मुरमाची ट्रॉली असो, पाण्याचा टँकर असो नाहीतर आमच्या दातांच्या डॉक्टरांची कोरी करकरीत गाडी असो, कुणी वाहन मागे घ्यायला लागलं की काकांच्या हातातलं फावडं खाली पडलंच म्हणून समजा. एकदा मी स्कूटर लावत होते तर तिलाही "येऊ द्या, येऊ द्या" सुरू झालं. म्हटलं, "अहो काका, स्कूटर आहे, ट्रक नाही."

"लागली का कुठं, ताई? नाय ना? मंग."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, धंदा सुटतो, पण हाताची सवय सुटत नाही. काकांनी जन्मभर ट्रक चालवला होता. निफाडची द्राक्षं, लासलगावचा कांदा, घोटीचा तांदूळ, जे भरतील ते घेऊन ते देश पालथा घालून आले होते. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. पुढे नुसतं 'काका' उरलं, कारण आमच्यात दुसरे कुणी इतके काका नव्हते.

'आम्ही' म्हणजे नाशिकरोडच्या पलीकडच्या कॉलन्यांमधली हौशी मंडळी. आमच्या मागून एक जुनी रेल्वेलाईन जायची. लाईन कसली, एका बंद पडलेल्या कारखान्याचा फाटा. रूळ कधीच उचलून नेलेले. उरला होता तो खडीचा लांबलचक भराव, त्यावर वेड्या बाभळी आणि सगळ्या कॉलनीचा कचरा. हा भराव सरळ गोदावरीच्या काठापर्यंत जातो. त्याचा चालण्याचा रस्ता करायचा, असं डॉक्टरांच्या डोक्यात आलं. परवानगीसाठी त्यांनी इतके खेटे घातले की शेवटी कचेरीतल्या साहेबांनाच त्यांची दया आली असावी. मग दर रविवारी सकाळी आम्ही जमायला लागलो. बाभळी तोडायच्या, कचरा उचलायचा, मोठी खडी बाजूला काढून मुरूम पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. मी शाळेत शिकवते. खडू सोडून दुसरं काही उचलायची सवय नव्हती, त्यामुळे पहिले काही सोमवार फळ्यावर लिहिताना हात वर होत नव्हता.

काका आले ते मदतीला नव्हे, चौकशीला. भरावावर उभे राहून त्यांनी नदीच्या दिशेने बराच वेळ पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "पुढं कुठं चढ हाय?"

"रेल्वेची लाईन आहे काका, तिला चढ कुठून असणार?"

"म्हंजी पार नदीपर्यंत असंच सपाट?"

"पार नदीपर्यंत."

पुढच्या रविवारी ते स्वतःचं फावडं घेऊन हजर झाले, आणि त्यानंतर त्यांचा एक रविवार चुकला नाही.

का, ते पुढे कळलं. काकूंना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं हळू, पण डोकं लख्ख. काकू सायखेड्याच्या. नदीत पोहत लहानाच्या मोठ्या झालेल्या. लग्नानंतर काका महिना महिना ट्रकवर आणि काकू घरात, मुलगी वाढवत. "सगळ्या हिंदुस्थानात फिरवलं कांदं न् द्राक्षं," काका एकदा म्हणाले, "हिला कुठं नेली नाय. म्हनायचो, म्हातारपणी जाऊ." म्हातारपण आलं ते व्हीलचेअर घेऊन. नाशिकला नदीला काय तोटा आहे? पण घाटावर जा, पायऱ्या. पुलाखाली उतरा, उतार. जिथे जावं तिथे कुणीतरी खुर्ची उचलायला लागणार, आणि ते काकूंना चालणार नव्हतं.

त्यालाही कारण होतं. भाच्याच्या लग्नात हॉलच्या पायऱ्यांवरून चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. मध्येच कुणाचा तरी हात सटकला, खुर्ची कलंडली, लुगड्याचा पदर ढळला आणि मागून कुणीतरी हसत ओरडलं, "जपून रे, मोठं सामान आहे!" त्या दिवसापासून काकू घराबाहेर पडल्या नाहीत. काकांनी त्यांना शब्द दिला होता की नदीला नेईन, पण कुणाचा हात लागू देणार नाही. मी ढकलीन आणि तू बसशील, बस्स.

तेव्हा आमच्यासाठी ती चालण्याची वाट होती, व्यायाम होता, थोडी समाजसेवा आणि नंतरचा पोहे-चहा होता. काकांसाठी ती एका माणसाची वाट होती. झालेला प्रत्येक तुकडा ते काकूंची रिकामी खुर्ची ढकलून तपासायचे. तेवढा वेळ शेजारीण काकूंजवळ बसायची. मुरमाची ट्रॉली ज्या शेतातल्या वाटेने यायची, तिथूनच ते खुर्ची वर आणायचे आणि हँडल एका हाताने धरून चालायचे. चाकाखाली खडा आला की थांबायचे, वाकून काढायचे, पुन्हा चार पावलं मागे जाऊन तिथूनच पुढे. डॉक्टर चिडवायचे, "काका, विमान उतरवायचंय का इथे?"

"विमानात बसणारा पट्टा लावतो, डॉक्टर. हिला हिसका बसला तर सावरायला येत नाय."

डॉक्टरांची जीभ एरवी फार चालते. त्या दिवशी ते गुपचूप रोलर ओढायला गेले.

मी एकदा काकूंना भेटायला घरी गेले होते. म्हटलं, "अर्धी वाट झालीय काकू, तेवढी तरी बघून या." त्या तोंडाच्या एका बाजूने हसल्या. शब्द जुळवत म्हणाल्या, "अर्ध्यातून… माघारी… नाय यायचं." आणि काकांकडे डोळ्यांनी खूण करून, "हे… रोज सांगत्यात… कुठवर आलं." रविवारच्या कामाची सगळी बातमी त्यांना पाठ होती. डॉक्टर दमले की फोनवर बोलायचं निमित्त काढतात, हेही त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना मी हे मुद्दाम सांगितलं.

वाट नदीपर्यंत पोचली. शेवटी आम्ही एक ओटा बांधला, कठड्याला पाइप लावले. तिथून खाली गोदावरी, पलीकडे मळे आणि पाण्यात उतरलेल्या म्हशी. काकूंना न्यायचा दिवस ठरवायला आम्ही बसलो, तेवढ्यात मोटारसायकलवाले आले. ओल्या मुरमावरून भरधाव जायचे आणि वळताना चाक घासायचे. एका आठवड्यात आमच्या रोलरचं काम मातीत. काकांचा संताप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एका गाडीसमोर ते आडवे उभे राहिले. म्हणाले, "हिथनं माणूस चालंल, नायतर कुणीच नाय!"

त्यांनीच वेल्डर आणला. कॉलनीच्या टोकाला, जिथून वाट सुरू होते, तिथे दोन लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये रोवायचे ठरलं. मधून माणूस जाईल, गाडीचं हँडल जाणार नाही. फट किती ठेवायची? मी पर्समधून टेप काढला तर काकांनी हात झटकला. "गाडी कुठनं निघती आन कुठनं नाय हे मला टेप लावून सांगू नका." त्यांनी माझीच स्कूटर आणायला लावली. "येऊ द्या… येऊ द्या…" हँडल दोन्ही बाजूंना अडकलं. "बास!" मग डॉक्टरांना मधून चालवलं. त्यांचं पोट जरा घासलं, पण पार झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच दरम्यान पेरणी आली, आणि शेतातली ती ट्रॉलीची वाट मालकाने नांगरून टाकली. तो त्याचा हक्कच होता.

रविवारी सकाळी काका काकूंना घेऊन आले. काकू हिरवं लुगडं नेसल्या होत्या, केसांत शेवंती. आम्ही सगळे दुतर्फा उभे. डॉक्टरांनी पेढे आणले होते. काका घरापासून डांबरी रस्त्याने खुर्ची ढकलत आले, वळले आणि पाइपांपाशी खुर्ची थांबली.

त्यांनी जरा मागे घेतली, पुन्हा पुढे लोटली. चाकांच्या कड्या पाइपांवर आपटून टण्ण आवाज झाला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. फट खुर्चीपेक्षा अरुंद आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. ज्या माणसाने जन्मभर नजरेने गाड्या काढल्या, त्याला मोटारसायकल अडवताना ही एक गाडी आठवली नव्हती. आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकीही कुणाला आठवली नव्हती.

दोघंतिघं पुढे झाले. "काकू, फक्त एवढंच उचलतो, एका क्षणात पलीकडे." काकूंनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि मान हलवली. नाही. काका आमच्यापुढे आले आणि हात आडवा धरून म्हणाले, "नाय. मागं व्हा." आवाज चढला नव्हता, पण आम्ही मागे झालो.

मग काकूंनी तोच हात उचलून काकांच्या मनगटावर ठेवला. "येवढी वर्सं… थांबले ना. पुढल्या… रविवारी." आणि आमच्याकडे पाहून हसल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "पेढा… द्या की." सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी माझा रुमालात बांधून ठेवला. परत जाताना काकूंनी एकदा मान वळवून वाटेकडे पाहिलं. तिथून नदी दिसत नाही, नुसता लाल मुरूम दिसतो.

वेल्डर दोन दिवसांनी येणार होता. काकांना तेवढा दम नव्हता. त्याच दुपारी मी चहा घेऊन गेले तर भर उन्हात ते हॅकसॉने पाइप कापत बसलेले. आत काँक्रीट भरलेलं, ब्लेड सारखी तुटत होती. मी म्हटलं, "काका, उद्या-परवा होईल हो." त्यांनी वर पाहिलंच नाही. "खुर्ची मी रोज ढकलतो, ताई. झोपेतबी तिची रुंदी सांगीन. आन मीच लावला हा पाइप. मीच!" चहा तिथेच गार झाला. संध्याकाळपर्यंत एक पाइप पडला.

पण त्याच आठवड्यात काकूंना ताप आला. छातीत कफ भरला. दवाखान्यात हलवलं. शनिवारी सकाळी त्या गेल्या.

नदीवर त्यांना नेलं, तसं सगळ्यांनाच न्यावं लागतं. चौघांनी खांदा दिला. मी बायकांबरोबर दारात उभी होते. तिरडी उचलताना काका एकदम पुढे आले, त्यांचा हात वर गेला, अडवायला गेल्यासारखा. मग तो तसाच खाली आला. मला त्यांच्याकडे पाहवेना. काकू नदीला गेल्या, पण उचलून. आमच्या त्या सगळ्या रविवारांचं हे झालं.

त्यानंतर काका वाटेवर आले नाहीत. आम्ही बोलवायला गेलो तर चहा पाजायचे, मुरमाची चौकशी करायचे आणि दारापर्यंत सोडायला यायचे. एकदा मी हट्टच धरला, चला, ओट्यापर्यंत जाऊन येऊ. ते पाइप होता त्या जागेपर्यंत आले. चप्पल तिथल्या काँक्रीटच्या डागापाशी थांबली. "ती गेली नाय हितनं, ताई. मी कसा जाऊ?" मी पुन्हा कधी आग्रह केला नाही. काही महिन्यांनी मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली.

आता रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. आम्ही कामावर असतो. ते विचारतात, "उघडं हाय ना?" मी म्हणते, "उघडंच आहे, काका." "कुणी परत पाइप लावायचं म्हणत नाय ना?" "नाही म्हणत." मोटारसायकली येतात. मुरूम उखडतो. आमच्यात नव्याने आलेले एक गृहस्थ म्हणाले, साधा अडथळा घातला तर दर आठवड्याची कटकट संपेल. डॉक्टर फावडं घेऊन चाकोऱ्या बुजवायला लागले, आणि मग आम्हीही.

मागच्या रविवारी मी त्यांना सांगितलं, "काका, आज एक आजी आल्या होत्या. व्हीलचेअरवर. सुनेने आणलं होतं."

"नदीपर्यंत गेल्या?"

"गेल्या."

"कुणी हात नाय लावला?"

"कुणी नाही. सून ढकलत होती. ओट्यावर खूप वेळ बसल्या होत्या."

"पाणी बघून काय म्हनाल्या?"

मी त्या आजींना काही विचारलंच नव्हतं. लांबूनच पाहिलं होतं.

"सांगा की ताई," काका म्हणाले, "काय म्हनाल्या?"