सावाआज्जीची न धुतलेली गोधडी

कोझुए जपानमध्ये, त्सुगारूतल्या सफरचंदांच्या शेडमध्ये पेट्या भरते. घरी आली की साशिकोचं भरतकाम घेऊन बसते. निळं कापड, पांढरा दोरा, धावदोरा. तिला हे तिच्या आज्जीने, सावाने शिकवलं.

सावाआज्जी प्रेमळ नव्हती. एक ओळ भरली की कापड अंगठ्याने ओढून सारखं करायचं, म्हणजे दोरा सैल बसतो. कोझुए ते विसरली की कापड आकसायचं. आज्जी तिच्या मनगटाला चिमटा काढायची.

"हे घालून बर्फ उपसताना काखेत काचलं की शिव्या कोण खाणार? मी?"

मग सगळं उसवायचं. उसवलेला दोरा फेकायचा नाही, परत ओवायचा. आज्जीच्या सासूने तिला असंच शिकवलं होतं.

हे सगळं कोझुएने मला, तिच्या मैत्रिणीला, सांगितलं होतं. तरी मी मूर्खपणा केला. तिच्या मामाच्या, योशिहारूच्या कोठारात एक गोधडी सापडली. चिंध्यांवर चिंध्या, टाक्यांवर टाके. मी फोटो काढला, खाली 'मायेचे टाके' असं लिहिलं आणि इंटरनेटवर टाकला. साहित्याची पदवी घेऊन मला एवढंच सुचलं.

तो फोटो पाहून रविवारी शिगा नावाचा व्यापारी तोक्योहून आला. त्याला ती गोधडी एका हॉटेलच्या भिंतीवर लावायची होती. त्याने ती उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"अहाहा! धुऊ नका हं. सगळी किंमत या तपकिरी डागांची."



मामा म्हणाला, "कोझुए, घर माझं आहे. शेवटी चिंध्याच त्या."

"चिंध्या?" कोझुए शांतपणे म्हणाली. "मामा, आज्जी यावर बाळंत झाली. चार वेळा. माझी आई यावर जन्मली, तू यावर जन्मलास. तुझा डाग कुठला ते दाखव ना यांना. भाव वाढेल."

मामाचे कान लाल झाले.

शिगाने मामाकडे वळून वही काढली. "खरंच? म्हणजे तुम्ही स्वतः? वा! तुमचाही एक फोटो शेजारी लावू."

तो हसत होता. त्याचे दात फार स्वच्छ होते.

"तुझा डाग नाहीच त्यात," कोझुए मामाला म्हणाली. "प्रत्येक बाळंतपणानंतर आज्जी ही ओढ्यात धुवायची. चौथं मूल जगलं नाही. तेव्हा तिने न धुताच घडी घालून ठेवून दिली. हा डाग त्याचा आहे."

शिगा लिहीत होता. "चौथं… मुलगा की मुलगी?"

कोझुएने गोधडी त्याच्या हातातून ओढून घेतली. ती अंगणात गेली आणि गोधडी टबात बुडवली.

"अहो, काय करताय! सत्यानाश!" शिगा ओरडला.

पाणी तपकिरी झालं. तिने टब ओतला, पुन्हा भरला. मी पुढे झाले.

"तू राहू दे. तुझी माया पाहिली."

मी तिथेच उभी राहिले. शिगाने रागारागाने गाडीचं दार आपटलं आणि तो निघून गेला. पाण्याने जड झालेली गोधडी कोझुएला एकटीला पिळता येईना. मामा बाह्या सरसावत आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. त्याचा चेहरा किळसेने वाकडा झाला होता. गाडी गेली त्या रस्त्याकडे तो बघत होता.

"घट्ट धर," कोझुए म्हणाली. "पण टाके ताणू नकोस."