स्टेशनातल्या शांत गोष्टी

सुकेशनीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या निबंधाच्या वहीमुळे. पूर्णेच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ती आठवीत होती. विषय होता ‘आमचे रेल्वे स्टेशन’. ट्रॅकमन भगवानरावांच्या या मुलीने लिहिलं होतं, ‘स्टेशनातल्या शांत गोष्टी. गाडी गेल्यावरचे रूळ. पाणपोईवर साखळीने बांधलेला पेला. ड्युटीवरून आलेले बाबा.’ पुढे अशाच पंधरा ओळी.

मी ते वर्गात मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘‘काय गं, किराणा आणायला निघालीस का?’’

वर्ग हसत सुटला. ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मी लाल शाईने शेरा दिला, ‘ही यादी आहे, निबंध नाही.’ त्यानंतर तिने सगळे निबंध मला हवे तसे लिहिले. त्यातला एकही आज आठवत नाही.

गेल्या वर्षी शाळेने तिचा सत्कार केला. ती दिल्लीत जपानी साहित्यात पीएच.डी. करत होती. मुख्याध्यापक नागनाथ सर म्हणाले, ‘‘म्हणजे आता जपानी कंपनीत लागणार म्हणा की.’’

‘‘नाही सर, मी हजार वर्षांपूर्वीचं वाचते. तिथल्या राजवाड्यातल्या बायका याद्या लिहायच्या, आवडलेल्या, खटकलेल्या गोष्टींच्या. त्यांच्याकडे त्याला साहित्यात मान आहे.’’ मग तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘माझी पहिली यादी आमच्या सरांनी भर वर्गात वाचून दाखवली होती.’’

टाळ्या पडल्या. नागनाथ सरांनी एक शाल माझ्याही खांद्यावर घातली. माइक हाताशी होता. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल पिशवीत घालून मी भगवानरावांच्या रेल्वे क्वार्टरवर गेलो.

‘‘काल मी खोट्या टाळ्या घेतल्या, सुकेशनी. तुला ते हसणं आठवत असेल.’’

‘‘आठवतंय सर. म्हणून तर बोलले. वाटलं, पुढचं तुम्ही सांगाल.’’

मी पिशवीतली शाल काढून तिच्यापुढे ठेवली.

भगवानराव म्हणाले, ‘‘चहा घ्या सर, गार व्हायलाय.’’

आता ती दिल्लीतच एका कॉलेजात जपानी शिकवते. कुणाचं लिखाण वर्गात वाचायचं असलं, तर आधी त्या मुलाला विचारते, असं भगवानराव परवा सांगत होते.