लाल मांडी, फिकी मांडी

माझी मावशी कोंबडीचं दुकान चालवते आणि जगातली प्रत्येक गोष्ट तिला कोंबडीतूनच कळते. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या आजारपणात मात्र तिने अक्कल साफ गहाण ठेवली होती.

काका पोस्टमन. तीस वर्षं पायी टपाल वाटलेला माणूस मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळला. हाड जुळलं, डॉक्टरांनी "आता उठवा त्यांना" असं बजावलं, तरी मावशी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत राहिली. घास तिच्या हातून, पाणी तिच्या हातून. "अहो, पडून राहा, मी आहे ना!" असे चार महिने गेले. मला राग यायचा, पण बोलायची हिंमत व्हायची नाही. तिच्या हातात सुरी असते.

शेवटी एकदा त्यांना उभं केलं, तर पाय लटलट कापले आणि ते मटकन खाली बसले.

मग व्यायाम शिकवणारी बाई घरी आली. म्हणाली, "स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक लाल, संथ. दिवसभर उभं राहायला, चालायला तेच लागतात. दुसरे फिके, चपळ, पण लगेच दमणारे. आईच्या पोटातच दोन्ही तयार होतात, पुढे मात्र कामच त्यांना घडवतं. माणूस निजून राहिला की पायातले संथ तंतू खंगतात."

"मला शिकवता होय?" मावशी फणकारली. "मांडी लाल, छाती पांढरी, रोज कापते मी! मोकळ्या कोंबडीची मांडी लालभडक निघते, पिंजऱ्यातलीची फिकी..." आणि बोलता बोलता थांबली.

"मीच कोंडलं गं यांना," माझ्याकडे बघून ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवसापासून काका दुकानात, ओट्याला धरून उभे. आधी वीस आकडे मोजेपर्यंत, मग पन्नास.

"अगं, बसू दे की जरा!" काका विनवायचे.

"एवढं गिऱ्हाईक जाऊ दे."

त्यांचे पाय थरथरले की मावशी पाठ फिरवायची आणि रिकाम्या फळीवरच सुरी चालवत राहायची. मदतीला हात पुढे करायचा नाही, यापेक्षा अवघड काम तिने जन्मात केलं नसेल.

तीन महिन्यांनी एका दुपारी काकांनी ओटा सोडला. नळ सहा पावलांवर होता. मावशीची सुरी थांबली, पण ती जागची हलली नाही. काका पेला भरून परत आले. निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं.

"घे," ते म्हणाले. "सकाळपासून घोटभर पाणी प्यायली नाहीस तू."