बरणीतले सरपंच

मिरजगावच्या हमरस्त्यावर केशरबाईचं चहाचं हॉटेल होतं. नवरा सहादेव भजी तळायचा आणि बायको सांगेल तेव्हा हसायचा. बहात्तरचा दुष्काळ, गिऱ्हाईक कमी, म्हणून तिनं पुण्याच्या ट्रक ड्रायव्हरकडून गप्पी मासे मागवून काचेच्या पेटीत सोडले. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हिचे मासे पोहतायत, म्हणून गाव बोंबललं. पण बोंबलायला आलेला चहा पिऊनच जायचा. पेटीतून काढलेलं पाणी कुठं जातं आणि कपबशा कशात विसळतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढं ड्रायव्हरनं आणखी दोन मासे आणले. तिनं ते तसेच पेटीत टाकले. आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले आणि एकेक मासा उताणा झाला.

"बाजारातली कोंबडी आपन आदी येगळ्या डालग्याखाली ठिवतो, मानमोडी पसरू नये म्हनून," केशरबाईनं कपाळावर हात मारला. "तीच अक्कल माशाला लावली न्हाई!"

पेटी धुऊन उन्हात वाळवली. नवे गप्पी आधी बरणीत राहिले, मगच पेटीत गेले.

अशात सरपंच भिमाजी जीपमधून उतरले. हातातल्या तांब्यात लाल गोल्डफिश.

"पुण्यास्नं आनलाय. सोडा पेटीत."

"आदी लोनच्याच्या बरनीत. पंधरा-वीस दिस."

"माझा मासा बरनीत? टँकर कुनाच्या शब्दावर येतो, ठावं हाय का?"

"हाय की. पन रोग काय तुमच्या शब्दावर येतो व्हय?"

सहादेवला कुणी न सांगताच हसू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर हॉटेलापुढून न थांबता जाऊ लागला. केशरबाई लांबून डोक्यावर हंडे आणू लागली. गिऱ्हाईकं विचारायची, "सरपंच कुठं हाईत?" ती म्हणायची, "बरनीत." गावभर खसखस पिकली.

हंडे वाहून मान मोडून आली तेव्हा तीही डगमगली. सोडावा मेल्याला पेटीत, म्हणून बरणी उचलली, तर माशाच्या शेपटीवर पांढरे ठिपके! तिनं सरपंचांना बोलावणं धाडलं.

भिमाजी वाकून बघत राहिले. आवाज एकदम खाली आला. "मरंल का वो?"

"बगू. मीठ घालते, चुलीजवळ उबीला ठिवते."

सरपंच रोज सकाळी येऊन बरणीपुढं उभ्यानं चहा पिऊ लागले, आणि टँकरही थांबू लागला. ठिपके गेले. त्यावर आणखी काही दिवस थांबून केशरबाईनं मासा पेटीत सोडला. सरपंचांनी नारळ फोडला.

सकाळी बघतात तर दोन बारके गप्पी गायब.

"रोग तर ऱ्हायला न्हाई ना?" भिमाजी घाबरले.

"रोग गेला," केशरबाई म्हणाली. "ह्यो सोभाव हाय."

मग सहादेवनं पेटीच्या मधोमध काच बसवली.