अक्काला लागलेलं ऊन

काश्मीरमधल्या डोंगरातल्या तळ्यांच्या ट्रेकला जायचं अक्काने ठरवलं, मी नाही. अक्का माझी थोरली बहीण, शिंदखेड्याला दिलेली, साठीला टेकलेली. तिच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी येणार असलं की त्या दिवशी घरातलं कुणी गावाला जात नाही. "कोनी भरस नई, उपसस नई, असं पडेल पानी माले एकदाव देखनं शे," ती म्हणाली.

तयारी माझ्याकडे आली, कारण ती नेहमीच माझ्याकडे येते. अक्काला जळगावला माझ्या घरी बोलावून घेतलं, नवे बूट घालून रोज पहाटे चालवलं, डॉक्टरांना दाखवलं, औषधांच्या पुड्यांवर नावं घातली. जुलैत निघालो.

सुरुवातीला ती माझ्याही पुढे चालत होती. पहिलं लहान तळं लागलं तेव्हा काठावर बसून तिने हात पाण्यात घातला आणि लगेच काढला. मोठं तळं पुढच्या खिंडीपलीकडे होतं, तिचा सगळा जीव तिकडे लागलेला. खिंडीखालच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं. दिवसभर बर्फावरून ऊन डोळ्यांत येत होतं. तंबूत शिरताच ती आडवी झाली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, एकदा उलटीही झाली.

"ऊन लागनं," ती म्हणाली.

मलाही तेच वाटलं. आमच्याकडे मे महिन्यात हे घरोघर होतं, त्यामुळे डोकं, मळमळ आणि लाल तोंड एकत्र दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. मी स्वयंपाकाच्या तंबूतून कांदा आणला, ठेचला आणि त्याचा रस तिच्या तळपायांना, कानशिलांना चोळला. घरून आणलेला कैरीचा गर पाण्यात कालवून पाजला. कपाळावर ओली ओढणी ठेवली.

"आते मना पायले फोडणी दी टाक," अक्का डोळे मिटूनच म्हणाली.

जेवणाआधी गाइड प्रत्येक तंबूत डोकावून विचारायचा. "दीदी, सिरदर्द? उल्टी?"

"नहीं भैया. बस, धूप लगी," अक्काने पडूनच सांगितलं.

"बर्फ में धूप?"

"हम धुलिया-जलगाँव के हैं. हमको सब जगह लगती है."

तो हसून पुढच्या तंबूकडे गेला. उलटीचं मीही त्याला सांगितलं नाही. ऊन लागणं हे कुणाला कळवण्यासारखं दुखणं आहे असं आमच्यात कुणी मानत नाही.

पण ऊन लागलेलं माणूस दिवस मावळून हवा गार झाली की उठून बसतं, चहा मागतं. इथे बाहेर ओल्या मोज्यांचं लाकूड झालं तरी अक्काचं डोकं उतरेना. उजाडल्यावर पाहिलं तर ती बुटाची नाडी हातात धरून बसली होती. गाठ कशी मारायची तेच तिला आठवत नव्हतं. मग ती उभी राहिली आणि सपाट जमिनीवर एका बाजूला कलली.

मी गाइडला बोलावून सगळं सांगितलं, उलटीसुद्धा. त्याने तिला पायापुढे पाय ठेवून चालायला सांगितलं. तिला जमलं नाही. ही विरळ हवेची बाधा आहे, मेंदूपर्यंत गेली तर माणूस जातो, आत्ताच खाली न्यायला हवं, असं त्याने सांगितलं आणि ऑक्सिजनची नळी लावली.

"मी नई जात," अक्का म्हणाली. जीभ जड झाली होती.

"तळं कुठे पळून जात नाही, अक्का."

"मी परत कवय येसू आठे?"

तिला उचलूनच घोड्यावर बसवावं लागलं. दोन माणसं दोन्हीकडून धरून होती, मी मागे. झाडं दिसायला लागली तेव्हा तिने मला आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली आणि चालत राहिले.

रस्त्यावरच्या गावात लहानसा दवाखाना होता. दुसऱ्या दिवशी तिला नीट कळायला लागलं, तिने वरणभात मागितला. मी भरवता भरवता विचारलं, "गार झाल्यावरही डोकं थांबेना. तेव्हा तुला कळलं नाही, की हे ऊन नाही?"

"कळनं व्हतं."

"मग?"

"सांगतू ते तू माले खाल लई येती."

"मेली असतीस."

यावर तिने घास घ्यायला तोंड उघडलं, एवढंच. मी परतीची तिकिटं त्याच संध्याकाळी बदलून घेतली.

रोज फोन होतो आमचा. नातवंडं, पाऊस, कापसाचे भाव. तळ्याचा विषय मी काढत नाही. गेल्या आठवड्यात तिनेच काढला. "खिंडपर्यंत घोडा जास का, इचारी ठेव," म्हणाली.

मी अजून विचारलेलं नाही.