बाबांच्या रायफलीचा नवा दस्ता

बाबा गेल्यावर त्यांची रायफल माझ्या नावावर झाली. फौजेतून निवृत्त झाल्यावर हिवरखेडच्या शेतात रानडुकरांचा फार त्रास, म्हणून त्यांनी पीक संरक्षणाचा परवाना काढला होता आणि अमरावतीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून ही जुनी रायफल घेतली होती. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून परत वर आणली की पुढची गोळी नळीत बसते, अशी तिची घडण. मी दहावीत असताना बाबांनीच मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पालथं झोपवून नेम धरायला शिकवलं. डुक्कर मी कधी मारलं नाही. मला आवडायचा तो नेम, आणि श्वास रोखून धरलेला तो क्षण.

रायफल ताब्यात मिळाली त्याच आठवड्यात कपाटातून काढताना माझ्या हातून निसटली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, मुठीपाशी आडवा मोडला. मी तिथेच फरशीवर बसले आणि बाबा गेले तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले.

अकोल्यातल्या बंदुकांच्या दुकानात म्हणाले, एवढ्या जुन्या रायफलीचा दस्ता आता मिळायचा नाही. सुताराकडून घडवून घ्या, पण रायफल त्याच्याकडे ठेवू नका, ती तुमच्याच नजरेसमोर पाहिजे.

मी शिकवते त्या शाळेच्या खिडक्या पातूरच्या एका मिस्त्रींनी केल्या आहेत. इतके पावसाळे झाले, एकही झडप फुगली नाही की अडकली नाही. तेवढ्या भरवशावर मी मोडलेले दोन तुकडे पिशवीत घालून पातूरला गेले. मिस्त्री सत्तरीचे, अंगाने किरकोळ. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी तुकडे उन्हात धरून उलटसुलट पाहिले.

"बंदुकीचं काम म्या कधी केलं नाई," ते म्हणाले. "पण हे काहून मोडलं ते सांगतो. इथं मुठीपाशी लाकडाची रेघ आडवी गेली. कुऱ्हाडीचा दांडा असा केला तं पयल्याच घावाले हातात येईन."

"मग तुम्ही कराल?"

"लाकूड भेटलं तं करीन."

शिसवाचं लाकूड त्यांच्याकडे होतं, पण दोन ओंडके त्यांनी चिरून बाजूला टाकले. तिसऱ्याची रेघ मुठीच्या वळणाबरोबर वळत होती. तो त्यांनी घेतला.

मग दर रविवारी ते एसटीने अकोल्याला माझ्या घरी येत. मी सकाळी विहारातून परत येईपर्यंत चाचा व्हरांड्यात हत्यारं मांडून बसलेले असत. लाकडाला हात लावण्याआधी त्यांनी माझं माप घेतलं. माझ्या हातात रायफलीएवढी एक काठी दिली.

"डोये मिटा, बाई. आता खांद्याले लावा. हां. आता उघडा."

असं त्यांनी सात-आठ वेळा करायला लावलं. दर वेळी काठी कुठे टेकते, माझी मान किती वाकते, ते बाजूने पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमचे वडील उंच होते काय?"

"सहा फूट."

"तरीच. तुमी इतके दिवस त्यायच्या मापाची बंदूक चालवून राहिल्या. मान ताणून नेम धरता. तुमच्या मापाचा दस्ता दोन बोटं कमी पाह्यजे."

माझा नेम नेहमी थोडा उजवीकडे जायचा आणि बाबा म्हणायचे, तुझं लक्ष नसतं. लक्ष तर माझं सगळं तिथेच असायचं.

खरं कठीण काम पुढे होतं. रायफलीच्या मागच्या बाजूला एक लोखंडी जीभ असते, ती लाकडात जाऊन बसते. चाचांनी दिव्याची काजळी त्या लोखंडाला फासली, लाकडात दाबली आणि काढली. जिथे काळा डाग उठला तिथलंच लाकूड पटाशीने कागदाएवढं तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. दुपारभर हेच. मी मुलांच्या वह्या तपासायला घेऊन बसले होते, पण एकही तपासून झाली नाही.

तिसऱ्या रविवारी दस्ता जवळजवळ झाला होता. आत शेवटचं तासताना चाचांचा हात थांबला. लाकडाच्या पोटात किड्याने केलेलं एक बारीक भोक निघालं. सुई जाईल एवढंच.

"लांबी भरून बुजवून टाका ना," मी म्हणाले. "आतल्या बाजूला आहे, कोणाला दिसणार?"

"दिसाचा सवालच नाई. किडा आत कुठवर गेला काय मालूम, अन् तुमचा गाल याच्यावर टेकणार हाये."

तीन रविवारांचं काम त्यांनी कापडात गुंडाळून पिशवीत टाकलं, पाणी प्यायले आणि गाडी गाठायला निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग, ना वैताग. व्हरांड्यातला भुसा मी झाडून काढला.

पुढच्या रविवारी ते त्याच ओंडक्याचा दुसरा तुकडा घेऊन आले. या वेळी आधी आतलं कोरून कीड नाही ना ते पाहिलं, मग बाहेरचा आकार दिला. शेवटचा हात त्यांनी फुटक्या काचेच्या धारेने फिरवला. लाकडाचे केसासारखे पापुद्रे निघत होते. मग माझ्या हातात जवसाच्या तेलाची बाटली दिली.

"हे काम तुमचं. रोज तळहातानं चोळा, लाकूड गरम होईस्तोवर. घाई नोका करू."

मी महिनाभर चोळलं. शिसवाचा काळपट तपकिरी रंग आतून उजळत वर येताना मी रोज पाहिला. माझ्या हाताला वर्गातही जवसाचा वास यायचा.

पहिला बार काढायला चाचा हिवरखेडला आले. धुऱ्याच्या उंच मातीसमोर मी फुटक्या माठाचा तुकडा ठेवला. रायफल खांद्याला लावली आणि मान आपोआप जागेवर आली. ताणावी लागली नाही. चाचांनी कानात बोटं घातली. बार झाला, तुकड्याचा चुरा झाला. मी वळून पाहिलं तर ते माठाकडे बघतच नव्हते.

"खांद्याले लागलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मी कडी ओढून रायफल रिकामी केली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला, लाकूड आणि लोखंड जिथे जुळतात तिथून नख फिरवलं.

"इथं केसभर फट हाये. पावसायात लाकूड भरते, बसून जाईन. नाई बसली तं सांगजा, मी येतो."

श्रावणात मी फट पाहिली. नखाला काहीच लागलं नाही. मी लगेच पातूरला फोन लावला.

"मंग ठीक झालं," चाचा म्हणाले, आणि माझ्या शेतातली तूर किती वर आली ते विचारू लागले.