बर्फाचं बेट, पहिला आखाड

गेम निघाला त्या संध्याकाळी मी तो लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि उघडला नाही.

तीन वर्षं वाट पाहिली होती. खरं तर आम्ही दोघींनी पाहिली होती, मी आणि माझ्या चुलत बहिणीनं. ती माझ्याहून दीड वर्षानं मोठी, म्हणून ताई. अमरावतीच्या आमच्या घरात खाली आम्ही राहतो, वर ताईचे आईवडील, म्हणजे मोठे बाबा आणि मोठीआई, आणि लग्न होईपर्यंत ताई. गेम उघडायचा तो दोघींनी एकत्र, असं ठरलं होतं. मग मे महिन्यात ताईचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली, आणि गेम निघाला जुलैत.

तो मोठ्या कंपनीचा गेम नव्हता. कुठल्या तरी थंड देशातले दोघं जण तो स्वतःच बनवत होते. त्यात एक बर्फाचं बेट आहे. जहाज फुटून दोन माणसं त्या बेटावर येऊन पडतात आणि जगणं एवढंच काम असतं. नकाशा नाही. काय खायचं, काय नाही, कोणी सांगत नाही. हात गारठले की वस्तू धरवत नाहीत. मेलं की आतापर्यंतचं सगळं पुसून जातं आणि पुन्हा त्याच किनाऱ्यावर डोळे उघडतात. त्या दोघांनी नमुना म्हणून बेटावरचे पहिले तीन दिवस फुकट दिले होते. ते आम्ही ताईच्या खोलीत कूलरसमोर बसून खेळायचो. एकच लॅपटॉप, ती कंट्रोलरवर, मी कीबोर्डवर. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि पडद्यावर आम्ही थंडीनं मरत असायचो. मोठीआई आंब्याचं पन्हं ठेवून जाताना म्हणायची, "बर्फात काय ठेवलं हाय वं एवढं? फ्रीजमधला खरडून काढा ना, दोन महिन्यांचा साचला."

ताई पुढं चालायची, मी मागं. कोणती पानं विषारी, कोणत्या ओढ्याचं पाणी प्यायचं, हे ती एका जुन्या वहीत लिहून ठेवायची. एवढं करून तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ आम्ही फक्त दोनदा पाहिली. त्या गेमच्या चॅट ग्रुपमध्ये जगभरातली माणसं होती. मी रोज सगळं वाचायचे, लिहीत काही नव्हते. लिहायचं असेल तर ताई माझ्याच नावानं लिहायची, त्यामुळे तिथं माझी ओळख बरीच बडबडी म्हणून होती. बनवणाऱ्यांनी तारीख तीनदा पुढं ढकलली. दर वेळी ते लांबलचक माफी मागायचे. ताई म्हणायची, "होऊ दे उशीर. पुढं काहीतरी पाहायला पाहिजे ना."

लग्नात मी रडले नाही. पाठवणीच्या वेळी सगळ्या रडत होत्या, अगदी जिची ताईशी धड ओळख नव्हती ती शेजारीणसुद्धा. मी ताईची पर्स धरून उभी होते. मागून कोणी तरी म्हणालं, "इंग्रजी शाळेतली हाय, इले नाई येत रडू." मी ती पर्स गाडीत ठेवली आणि घरी येऊन उरलेल्या पत्रावळी मोजून दिल्या.

दात काढताना सुई देतात, मग आपलाच गाल बोटाला दुसऱ्याचा वाटतो. नंतरचे दोन महिने तसे होते. दुखत काही नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, बँकेच्या परीक्षेची गणितं सोडवत होते. वर जाऊन ताईची खोली मोठीआईबरोबर झाडून आले, तेव्हाही काही झालं नाही. फक्त गेमची तारीख कॅलेंडरवर होती, आणि ती जवळ येत होती.

तारीख पक्की झाली तेव्हा मी ताईला कळवलं. तिनं उत्तरात नुसता अंगठा पाठवला. पूर्वी ती अशा बातमीवर वीस ओळी लिहायची. मी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती कामात असेल, किंवा तिच्या हाताला पीठ असेल. किंवा ती आता माझ्याबरोबर खेळणार नसेल. मला तेवढंच हवं होतं, यातलं कोणतं ते कळणं. फोनवर मी असं काही विचारू शकत नाही. म्हणून मी अकोल्याला गेले.

घरी सांगितलं की परीक्षेच्या फॉर्मचं काम आहे. ताईनंच कधीतरी सांगितलं होतं की दुपारी जिजू शाळेवर असतात, ते अकोटला शिक्षक आहेत, आणि सासूबाई झोपतात. दोन तास मिळाले तरी पहिला दिवस खेळून होईल, असा माझा हिशेब होता. बॅगेत लॅपटॉप, कंट्रोलर, वायरी आणि चिप्सची दोन पाकिटं. बसमध्ये खिडकीपाशी बसून मी पुन्हा एकदा तो गेम न उघडता त्याचं चिन्ह तेवढं पाहिलं.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बॅगेकडं, मग माझ्या मागं रस्त्यावर.

"एकटीच आली?"

"हो."

"मानूस नाई कोनी सोबत? पोरगीच पाठवली मुराळी?"

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून न्यायला आलेलं माहेरचं माणूस, हे मला ठाऊक होतं. ते माणूस मी आहे, हे ठाऊक नव्हतं.

"बस. आखाड लागून सहा दिवस झाले, बाई. तुमच्या घरचे लोकं इसरले का पोरीले? सहा दिवसांपासून मी तिच्याकडं पाठ करून चहा पिऊन राहिली. मान धरली माही. ती सैपाकघरात असली का मी बाहेर, मी आत गेली का ती बाहेर. येईन कोनी, येईन कोनी म्हनून रोज दाराकडं पाहून राहिली मी."

तेव्हा मला थोडं थोडं कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात, म्हणजे आषाढात, सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड पाहायचं नसतं, म्हणून सून महिनाभर माहेरी जाते. आमच्या घरी याबद्दल बोलणं झालंच असणार. मी कानात इअरफोन घालून जेवते. आणि मी मोठी बॅग पाठीला लावून नेमकी त्याच आठवड्यात त्या दारात उभी होते. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या इतक्या सुटल्यासारख्या दिसत होत्या की मला तोंड उघडता आलं नाही. मला एरवीही येत नाही.

"शिदोरी काय आनली?" त्यांनी विचारलं.

मुराळी कधी रिकाम्या हातानं येत नाही, हेही मला तेव्हाच आठवलं. मी बॅगेतून चिप्सची दोन पाकिटं काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक पाकीट दाबून पाहिलं.

"अर्धी हवाच हाय यात."

"हो," मी म्हणाले.

"असू दे. शिकलेली लोकं." त्यांनी ती पाकिटं देवघरासमोर ठेवली आणि मुलाला फोन लावला. "अरे, मुराळी आला. आला म्हंजे आली. पाठवून राहिली मी. हो. हो, जेवून आली म्हने," असं परस्पर सांगून टाकलं. मग आतल्या खोलीकडं पाठ करून हाक मारली, "अवं सूनबाई, आली तुही बहीन. आटप."

मला वाटलं, आता सामान भरायला तासभर तरी लागेल. ताई दोन मिनिटांत बाहेर आली. हातात तीच लग्नातली लाल बॅग, चेन पूर्ण लावलेली, वर कुलूप. माझ्याकडं पाहून ती हसली नाही.

"पाया पड, पन वर नको पाहू," सासूबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. ताई खाली वाकली. सासूबाईंनी मागं हात नेऊन अंदाजानं तिच्या डोक्यावर ठेवला, तो आधी खांद्यावर पडला. "जाय. तब्येत सुधरव. लय वाळली."

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. मूर्तिजापूर आलं. मग तिनं विचारलं, "बाबांनी पाठवलं तुला?"

"नाही."

"मग?"

मी बॅगेची चेन थोडी उघडून लॅपटॉप दाखवला. तिनं बॅगेत पाहिलं, मग माझ्याकडं.

"तू गेमसाठी आली होती?"

"हो."

"घरी कोणालाच माहीत नाही?"

"नाही. मी परीक्षेचा फॉर्म भरायला आले आहे."

ती एकदम मोठ्यानं हसली. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. "म्हणजे मी पळून आली," ती म्हणाली आणि डोळे पुसले. हसणं लगेच थांबलं. "सहा दिवस झाले बॅग भरून. रोज दुपारी दार लावून उघडायची, पुन्हा घड्या घालायची, पुन्हा भरायची."

"तिथं काही..."

"नाही गं. चांगले आहेत सगळे. मला कोणी काही केलं नाही, भलतं समजू नको. थकली फक्त." थोड्या वेळानं म्हणाली, "बरं झालं आली. कोणत्याबी कामानं आली तरी."

घरी मोठीआईनं आम्हा दोघींना दारातच थांबवलं, ताईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग माझ्याकडं वळली. "अवं, असं आनते का कोनी पोरीले? हे रविवारी जाणार होते. सासूसाठी पातळ आनून ठेवलं, पेढे सांगतले. शिदोरी तरी काय नेली तू?"

"चिप्स."

मोठीआईनं कपाळाला हात लावला. मोठे बाबा वर जाऊन अकोल्याला फोन करून आले. ते काय बोलले माहीत नाही, पण खाली येऊन एवढंच म्हणाले, "त्या बाई म्हणे, न्यायला आलेली पोरगी कमी बोलते, चांगली हाय." मग पातळ आणि पेढे कुरिअरनं पाठवता येतील का, यावर त्यांचं आणि मोठीआईचं तासभर चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन वर गेले. ताई आंघोळ करून, केस ओले सोडून पलंगावर बसली होती. कूलर लावला. टेबल पलंगाजवळ ओढलं, कंट्रोलर तिच्या हातात दिला. मी गेम उघडला. सुरुवातीच्या पाटीवर दोन आकडे आले, एक आणि दोन, किती जणांनी खेळायचं ते. मी दोन दाबला.

बेट पूर्वीपेक्षा मोठं होतं. किनारा वेगळा, धुकं वेगळं. पूर्वी ताई उठली की पळत सुटायची आणि मी तिला शोधत जायचे. आता माझं माणूस पुढं गेलं आणि तिचं तिथंच उभं राहिलं. तिच्या हिरव्या बांगड्या कंट्रोलरवर वाजत होत्या.

"चल ना, ताई."

"तू चाल. येते मी."

मी झाडापर्यंत जाऊन परत आले. तिचं माणूस बर्फात बसलं होतं. बसलं की लवकर गारठतं, हे तिनंच वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं. मी बाजूला आग पेटवायला लागले, पण मला कधीच लवकर जमत नाही. आधी ती गेली, मग मी. पडदा पांढरा झाला.

तिनं कंट्रोलर उशीवर ठेवला. "मले नाही खेळायचं."

"आज?"

"आता. पुढचं माहीत नाही." ती भिंतीला टेकली. घरात ती माझ्याशी असं बोलत नसे, अकोल्याची भाषा तिच्या तोंडात बसली होती. "तिथं सकाळपासून तेच. गॅस पाहा, दूध पाहा, पाणी आलं का पाहा, कोणाला काय पाहिजे पाहा. इथं पुन्हा लाकडं आण, आग पाहा. मले एक महिना काहीच जगवायचं नाही."

मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. मी रडू यायची वाट पाहिली. आलं नाही. कूलरची पाण्याची मोटर बंद पडून पुन्हा सुरू झाली. ताईनं पाय लांब केले, ते माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकले, आणि तिनं ते काढले नाहीत.

"मी एकटी खेळू?" मी विचारलं.

"विचारते काय. तीन वर्षं कशाला थांबली?"

सुरुवातीची पाटी पुन्हा आली होती. मी एक दाबला. आतापर्यंत तो आकडा मी कधी दाबला नव्हता. किनाऱ्यावर एकच माणूस उठलं. कोणाच्या मागं जायचं नव्हतं, म्हणून मी बराच वेळ नुसती फिरत राहिले. खोलीत फक्त गेममधला वारा आणि कूलर. मागं ताईचा श्वास लांब झाला होता. मी तहान भागवायला पहिलं दिसलं ते पाणी प्यायले, आणि बेटावर दुपार व्हायच्या आत पडदा पांढरा झाला.

"मेली?" मागून आवाज आला. ती झोपली नव्हती तर.

"मेले."

"कशानं?"

"खारं पाणी प्यायले."

"शहाणीच आहे." तिनं कूस बदलली. "पुन्हा लाव. आणि आवाज वाढव थोडा, झोप चांगली लागून राहिली त्यानं."

मी वाऱ्याचा आवाज थोडा वाढवला आणि एक दाबला.